हौद की तवा

“त्या फेरीला रडार बंद ठेवायचं,” उकिडवे बाई म्हणाल्या.

मोहित्यांच्या हातातला बटाटेवडा बशी आणि तोंड यांच्या मधोमध थांबला. मोहित्यांचा वडा असा अधांतरी थांबलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता. त्या दिवशी यानाशी संपर्क तुटला होता.

“थोडा वेळ बंद?” त्यांनी विचारलं.

“पूर्ण. फेरी सुरू व्हायच्या बऱ्याच आधीपासून.”

“आणि तेवढ्या वेळात मी काय करायचं?”

“वडा खा.”

संचालक शिराळकर हसले, आणि आपण संचालक आहोत हे आठवून लगेच खोकले.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. नाशिकबाहेर एका टेकडीवर आमची संस्था होती आणि मी तिथला हिशेब अधिकारी, कर्णिक. आमचं एक यान तेव्हा चंद्राभोवती फिरत होतं. मला बैठकांना बसवत, कारण इतिवृत्त लिहायला कुणी शास्त्रज्ञ तयार नसे. चंद्रातलं मला फारसं कळत नव्हतं. माणसांतलं मात्र बऱ्यापैकी कळे. प्रवासभत्त्याचे अर्ज उभा जन्म तपासले की माणूस आतूनबाहेरून दिसू लागतो. उकिडवे बाई रिक्षाने जात आणि रिक्षाच लिहीत. मोहिते टॅक्सीने जात आणि लिहायचंच विसरत. दोघंही प्रामाणिक, पण एकाच्या प्रामाणिकपणाने माझं काम हलकं होई आणि दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाने मला मागे लागून सह्या घ्याव्या लागत.

यानावर अँटेना एक आणि तिच्यावर हक्क सांगणारी ही दोन माणसं. मोहिते रडारवाले. रडारने चंद्रावर रेडिओलहरींची आरोळी ठोकायची आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून जमीन गुळगुळीत की खडबडीत, धुळीखाली आणखी काही दडलंय का, ते ओळखायचं. उकिडवे बाई रेडिओमीटरवाल्या. रेडिओमीटर स्वतः काहीच पाठवत नाही. जमीन आपल्या अंगच्या उबेने ज्या बारीक लहरी सोडत असते त्या तो गप्प बसून टिपतो, आणि जमीन किती गरम, किती थंड, एवढं सांगतो.

कुणाला कुठलं यंत्र द्यायचं हे ज्याने ठरवलं त्याला माणसांची पारख असली पाहिजे. मोहिते कोल्हापूरचे. ते फोनवर बोलू लागले की मध्ये फोन कशाला ठेवलाय असं वाटे. प्रश्न तेच विचारत, उत्तर तेच देत, आणि मग समोरच्याला म्हणत, “बरोबर बोललात.” बाई रत्नागिरीच्या. त्यांच्या टेबलासमोर माणूस पाच मिनिटं बसला की आपण होऊन सगळं ओकून मोकळा होई, आणि बाई शेवटी एवढंच म्हणत, “बघू.”

भांडण होतं एका विवरावरून. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळचं ते विवर, इतकं खोल की त्याच्या तळाला कधी ऊनच लागत नाही. रडारला तो तळ कमालीचा लखलखीत दिसे. मोहिते मला समजावत, “कर्णिक, असा दणदणीत प्रतिध्वनी दोनच गोष्टी देतात. मातीत मुरलेला बर्फ, नाहीतर दगडांचा खच. आणि हा बर्फच हाय.” त्यांनी विवराला ‘हौद’ असं नावही ठेवून टाकलं होतं. पुढचं यान त्या हौदात उतरवायचं, हे त्यांचं स्वप्न.

बाईंच्या रेडिओमीटरला तोच तळ गरम लागत होता. गरम म्हणजे आपलं गरम नव्हे, शून्याच्या खाली दीडशे अंशांच्याही पलीकडचं. पण बर्फाला युगानुयुगं टिकायचं तर तेवढी ऊबही सोसत नाही म्हणे. हळूहळू सगळा उडून जातो. म्हणजे राहिले दगड. बाईंनी तसा लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. तेव्हापासून मोहिते सोडून सगळे त्या विवराला ‘तवा’ म्हणू लागले. आयुष्यभर बाईंनी पुष्कळ लेख लिहिले, पण लोकांना ठाऊक होता तो हा एक. दिवाळीनंतर त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्याआधी लिस्बनच्या परिषदेत या तव्यावर त्यांचं उद्घाटनाचं भाषण ठरलं होतं. तवा खरा ठरला की मोहित्यांचं पुढचं यान दुसरीकडे जाणार, हेही जवळपास ठरलेलंच होतं.

आणि यानाचं इंधन संपत आलं होतं. त्या विवरावरून जाणाऱ्या आता तीनच फेऱ्या उरल्या होत्या. त्यांतली एक बाई मागत होत्या.

“कारण सांगा,” मोहिते म्हणाले.

“नाही सांगणार.”

“अहो बाई, रडार तसंही तुमच्या पाळीच्या आधी बंद होतंय की. आधी माझं, मग तुमचं. दोन वर्षं हेच चाललंय.”

ते खरं होतं. यान विवराकडे येताना मोहिते तिरक्या कोनातून रडार मारत, आणि यान बरोबर डोक्यावर आलं की अँटेना बाईंना मिळे. प्रकल्पात या पाळ्यांना पहिली पंगत आणि दुसरी पंगत म्हणत. सुरुवातीच्या बैठकीत मोहित्यांनी “रडार मुख्य यंत्र, ते पहिल्या पंगतीला” असं जाहीर केलं होतं, आणि बाई “बघू” म्हणाल्या होत्या. मोहित्यांनी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला होता.

“मला एका फेरीत तुमचं आधीचंही नकोय,” बाई म्हणाल्या. “बदल्यात उरलेल्या दोन्ही फेऱ्या तुमच्या. त्यांत मला काही नको.”

शिराळकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. एक देऊन दोन घेणारे मी पुष्कळ पाहिले होते. दोन देऊन एक घेणाऱ्याचा काहीतरी डाव असतो.

“दिली,” मोहिते म्हणाले आणि वडा एकदाचा तोंडात गेला.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

“कर्णिक, बाई माझा गळा दाबायला निघाल्यात.”

“असं?”

“असं म्हणजे काय! डोळ्यांसमोर आहे. रडार बंद ठेवून एक स्वच्छ आकडा घ्यायचा, आणि लिस्बनला उभं राहून सांगायचं, की बघा, मोहित्यांची कटकट नव्हती तेव्हाही तवा गरमच होता. मग माझ्या हौदाला कोण विचारतंय?”

“मग नाही म्हणायचं होतं.”

“दोन फेऱ्या मिळाल्या की.”

“तुम्ही तर कारण कळल्याशिवाय मला टाचणीसुद्धा मागू देत नाही.”

मोहित्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या मते हळू, म्हणजे बागेतल्या माळ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “दोन वर्षांत त्या बाईंनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं, ओ. नाही कसं म्हणायचं?”

मी त्यांच्या खात्यावर एक गुण जमा केला. ते त्यांना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी तो संस्थाभर ऐकवला असता.

खरं तर बाईंच्या डोक्यात काहीतरी शिजतंय याचा मला आधीच वास आला होता. भाच्याची मुंज आटोपून रत्नागिरीहून परतल्या त्या दिवशीच त्या माझ्या खोलीत आल्या होत्या. बिलाशिवाय बाई माझ्या खोलीत येणं हीच बातमी. येताना बुंदीचे लाडू आणले होते.

“कर्णिक, मागे एकदा बॅटरी उतरली म्हणून मोहित्यांचं रडार लागलंच नव्हतं. आठवतं?”

“आठवतं म्हणजे! त्या दिवशी त्यांनी बॅटरीच्या कंपनीचा जो उद्धार केला तो इतिवृत्तात कसा लिहावा, या चिंतेत मी जेवलो नव्हतो.”

“ती फेरी त्याच विवरावरची होती ना?”

“होती. का हो?”

“त्या दिवशीचा आकडा मी लेखातून गाळला होता. यानाची वीज कमी, म्हणून आकडा भरवशाचा नाही, असं समजून.”

“मग?”

“बघू,” म्हणाल्या आणि लाडवांचा डबा ठेवून गेल्या. लाडू उत्तम होते. मी पुढचा विचार केला नाही.

ठरलेली फेरी झाली. रडार गप्प होतं आणि कुणी त्यांच्याच तोंडावर हात ठेवल्यासारखे मोहिते दिवसभर संस्थेत फिरत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिस्बनच्या तिकिटाचे कागद सहीसाठी घेऊन बाईंच्या खोलीत गेलो. बाई पडद्यावरच्या एका वेड्यावाकड्या रेषेकडे बघत होत्या. त्यांनी कागद घेतले, पण सही केली नाही.

“कर्णिक, हे तिकीट रद्द केलं तर संस्थेचं फार नुकसान होईल का?”

“का? तब्येत बरी नाही?”

“तब्येत बरी आहे. तवा थंड आहे.”

मला काही कळलं नाही. बाईंनी समोरची खुर्ची दाखवली. मी बसलो.

“आमच्याकडे मुंजीला अजून पाटावर पंगत बसते,” त्या म्हणाल्या. “पुरुष आधी, बायका मागाहून. मी दुसऱ्या पंगतीला बसले आणि पाट ऊन लागला. आतेबहीण म्हणाली, ‘अगं, आत्ताच भाऊकाका उठलेत त्यावरून.’ मी तशीच बसून राहिले. पानात मठ्ठा वाढला तरी लक्ष नाही.”

“पाट गरम लागला म्हणून?”

“कर्णिक, दोन वर्षं मी पाटाचीच ऊब मोजत होते.”

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. अँटेना आणि यंत्राचा डबा यांच्यामध्ये एक जाड केबल जाते. रडारची आरोळी जाते ती तिच्यातूनच, आणि त्याने ती तापते. डब्याच्या आत तापमापक आहे, त्यामुळे डब्याची ऊब हिशेबातून वजा करता येते. केबलवर तापमापक नाही. मोहित्यांचं आटोपलं की लगेच बाईंची पाळी. केबल अजून तापलेलीच. तिची ऊब चंद्राच्या उबेत मिसळून आकड्यात येते. रडार वीज फार खातं म्हणून ते चंद्रावर सगळीकडे लावत नसत, फक्त बर्फाचा संशय असलेल्या विवरांवर लावत.

“म्हणजे जिथे जिथे मोहिते...” मी म्हणालो.

“तिथे तिथे ऊब. आणखी दोन विवरंही मला गरमच लागली होती. मला वाटलं, ध्रुवाकडची विवरंच अशी असतात.”

“आणि काल?”

“काल रडार नव्हतं. तळ थंडगार. बर्फ खुशाल राहील इतका थंड. बॅटरी उतरली होती तेव्हाही असाच होता.”

रेषा माझ्यासमोर होती. ती खाली गेलेली मलाही दिसली.

“म्हणजे तुम्ही फेरी मागितलीत ती...”

“माझा लेख खोटा आहे का, ते बघायला.”

“हे मोहित्यांना सांगून मागितली असतीत तर त्यांनी तिन्ही फेऱ्या दिल्या असत्या, बाई. वर पेढे वाटले असते.”

“म्हणूनच नाही सांगितलं. ज्याला बर्फ हवा आहे त्यानेच रडार बंद केलं आणि बर्फाची वाट मोकळी झाली, असं उद्या कुणी म्हटलं असतं तर? त्यांना ठाऊक नव्हतं, एवढीच त्यांची बाजू. ती मला राखायची होती.”

मग माझ्यातल्या हिशेबनिसाला राहवेना.

“एक विचारू? रागावू नका. तुम्ही हे मनातच ठेवलं असतं तर? लिस्बनला भाषण, दिवाळीनंतर निवृत्ती. इंधन संपून यान तर चंद्रावर पडणारच होतं. तपासायला कोण जाणार होतं?”

“कोणीच नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर आत्ता बघायला हवं होतं.”

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. सहीची जागा कोरीच होती. मी ते गोळा केले.

संध्याकाळच्या बैठकीत बाईंनी सगळं उभं राहून सांगितलं. रेष दाखवली, केबल दाखवली, गाळलेला आकडा दाखवला. पाटाचं सांगितलं नाही. ते मी नंतर शिराळकरांना सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “माझा लेख मी मागे घेते. तळ गरम आहे असं म्हणायला आता आधार नाही. लिस्बनला नकार कळवते.” आणि बसल्या.

मोहित्यांसमोरच्या बशीत वडे तसेच होते. मी मनाशी पैज लावली होती की ते टेबलावर हात आपटून उठतील. ते उठले नाहीत. बाईंकडे बघत राहिले. दोन वर्षं त्यांनी जिच्यावर कुरघोडी करायची ठरवली होती ती बाई त्यांच्या बाजूचा निकाल स्वतः आणून समोर ठेवते आहे, हे त्यांना पचत नव्हतं.

“अभिनंदन, मोहिते!” शिराळकर म्हणाले. “म्हणजे बर्फ! जाहीर करायचा का?”

“कशाचा बर्फ?” मोहिते खेकसले.

“तुमच्या हौदातला.”

“साहेब, बर्फ आहे असं कुठं कळलं? दगड आहेत असं जे कळलं होतं, ते कळलं नव्हतं, एवढंच कळलं. प्रतिध्वनी कालही दोन्हीचा होता, आजही दोन्हीचा आहे.”

मोहित्यांच्या तोंडून ‘दोन्हीचा’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. इतिवृत्तात लिहून त्याखाली रेघ मारावी असं वाटलं.

“मग दुरुस्ती छापायची एवढंच,” शिराळकर म्हणाले. “बाई, तुम्ही लिहून द्या.”

“थांबा,” मोहिते म्हणाले. “दुरुस्तीवर माझं नाव आधी येणार.”

बाईंनी मान वर केली. “का म्हणून?”

“ऊब कुणाची? माझी. दोन वर्षं ती केबल तापवली कुणी? मी. माझ्या रडारनं तुमचा आकडा बिघडवला.”

“आणि फसलं कोण? लेख माझा, आकडा माझा, चूक माझी. तुमचा काय संबंध?”

“संबंध नाही कसा? आधी बसायचा हट्ट माझा होता!”

“मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. तेही माझंच.”

“तुम्ही नाही म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं होय?”

“तो तुमचा दोष. वेगळा छापा.”

“बाई, तुमची दिवाळीनंतर निवृत्ती. जाता जाता एकटीनं डाग घेऊन जायचं काय कारण आहे? मला अजून आठ वर्षं आहेत. मी धुऊन काढीन.”

“मला कुणाकडून धुऊन घ्यायचं नाहीये!” बाईंचा आवाज चढला. “गाळलेला आकडा मी गाळला, मोहिते. तुमचं रडार माझ्या टेबलाशी येऊन बसलं नव्हतं.”

शिराळकर माझ्याकडे झुकले. “कर्णिक, हे काय चाललंय?”

“साहेब, दोघंही नुकसान आपापल्या नावावर मागतायत. माझ्या नोकरीत हा प्रसंग पहिलाच.”

“मग करायचं काय?”

“मला विचाराल तर चहा मागवावा.”

चहा आला. मोहिते जरा निवले होते, पण हटले नव्हते. त्यांनी कप बाजूला सारला.

“निम्मी द्या,” ते म्हणाले.

“काय निम्मी?”

“चूक.”

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मी त्या चेहऱ्याचे भाव ओळखायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“चूक निम्मी होत नसते, मोहिते,” त्या म्हणाल्या. पण मघाची धार आवाजात नव्हती. “केबल किती तापते, किती वेळात निवते, ते तुमच्या रडारच्या नोंदींतूनच काढायला लागेल. ते मला एकटीला जमणार नाही. आणि लिस्बनला नकार देण्यापेक्षा तिथे जाऊन हेच सांगावं, असं आत्ता वाटायला लागलंय. तिथे पुष्कळांची रडारं आहेत. आणि पुष्कळांच्या केबली.”

“मग सांगा की. मी लिहितो.”

“तुम्ही?”

“सांगा ओ. कुठनं सुरू करायचं?”

“पहिल्या फेरीपासून.”

मोहित्यांनी खुर्ची बाईंच्या बाजूला ओढली, शिराळकरांच्या समोरचा कोरा कागद उचलला, आणि लिहायला काही नाही म्हणून न विचारता माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. बाई सांगू लागल्या. मोहिते मान खाली घालून लिहीत होते, आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत.

ते पेन मी परत मागितलं नाही.